लाइव्ह काका

आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक विकेट दोनदा पडायची. आधी दुसऱ्या मजल्यावर काकांच्या घरात, आणि मग चाळीसेक सेकंदांनी आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर. काका "गेला!" म्हणून ओरडले की आम्ही वरचे-खालचे लोक आपापल्या फोनकडे बघत बसायचो. फोनवर तो फलंदाज अजून उभा असायचा, हातमोजे घट्ट करायचा, खेळपट्टीवर बॅट आपटायचा. त्याला काही कल्पना नसायची, आम्हाला असायची. बिल्डिंगमधल्या पोरांनी म्हणून त्यांचं नाव लाइव्ह काका ठेवलं, आणि ते इतकं रुळलं की दूध टाकणारासुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायचा.

यात चमत्कार वगैरे काही नव्हता. डोंबिवली पूर्वेची आमची चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली सोसायटी. एकेकाने डिश काढून टाकली आणि सगळे इंटरनेटवरून मॅच बघायला लागले. इंटरनेटवरचं चित्र जरा मागून येतं. काकांनी मात्र गॅलरीतली गंजलेली डिश आणि हॉलमधला जुना, खोक्यासारखा टीव्ही सोडला नाही, त्यामुळे चेंडू त्यांच्याकडे आधी पोचायचा. त्यांच्या मुलीने, मेधाने, एकदा भला मोठा नवा टीव्ही आणून दिला होता. तो वेष्टनासकट कपाटामागे गेला. "शिळी मॅच मी बघत नाही," काका म्हणाले. "चेंडू टाकून झालाय, माणूस बाद होऊन परत निघालाय, आणि आपण इकडे देवाला हात जोडून बसलोय. कशासाठी?"

आवाज त्यांचा मुळातच मोठा. मोहने गावातल्या रेयॉन कारखान्यात त्यांची नोकरी झाली. तिथे यंत्रांच्या घरघरीत शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. कारखाना बंद झाला, आवाज तसाच राहिला. काकू होत्या तोवर तो आवाज स्वयंपाकघराकडे जायचा आणि तिथून "ऐकलं हो" असं उत्तर यायचं. काकू गेल्यावर तो डक्टमधून वर यायला लागला. आधीही येत असेल, आमच्या लक्षात नंतर आलं.

मी तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या डोक्यावर राहतो. त्यामुळे त्यांची सगळी भाषा मला पाठ झाली होती. आपला फलंदाज बाद झाला की एकच "गेला!", खणखणीत आणि तुटक. झेल सुटला की "अरे, अरे, अरे" असा उतरत जाणारा सूर. प्रतिस्पर्ध्यांचा गडी बाद झाला की ओरडणं नाही, टीपॉयवर दोन थापा. आणि समोरच्या संघाच्या गोलंदाजाने अगदी नामी चेंडू टाकला, तर एक लांबलचक "वाऽ". ही शेवटची दाद बिल्डिंगमधल्या तरुण मंडळींना सहन व्हायची नाही. "काका, तुम्ही नक्की कोणाच्या साइडने आहात?" असं आमचे सेक्रेटरी सावंत विचारायचे. "चेंडूच्या," काका म्हणायचे.

ते मनापासून बघायचे ते फक्त परदेशातल्या कसोट्या. भारतात सामने असले की टीव्ही चालू असायचा, पण लक्ष शब्दकोड्यात. "घरच्या अंगणात कोणीही ताठ चालतं. परक्या गावात दोन दिवस उभं राहून दाखवा, मग बोलू." दौरा सुरू झाला की ते स्टुलावर चढून हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ उतरवायचे आणि तिकडची वेळ लावायचे. इंग्लंड असलं की साडेचार तास मागे. ऑस्ट्रेलिया असलं की पुढे, आणि तिथे तर गावागणिक वेळ वेगळी, म्हणजे एका मालिकेत दोन-तीनदा स्टूल काढणं आलं. घरात दुसरं घड्याळ नव्हतं. कोणी किती वाजले विचारलं की काका त्या घड्याळाकडे बघून मनात वजाबाकी करायचे आणि अचूक सांगायचे. मेधा वैतागून म्हणायची, "बाबा, तुमचा पासपोर्टसुद्धा नाहीये हो!"

एवढं सगळं आधी कळणाऱ्या माणसाने दुसऱ्यांचा किती विचार करावा! पहाटेच्या मॅचच्या दिवशी दूध घ्यायला आम्ही दोघं खाली भेटायचो. काका तोंड मिटून उभे असायचे आणि आधी विचारायचे, "काय हेडक्लार्क, कुठपर्यंत आलात?" मी म्हणायचो, बत्तिसावी ओव्हर. मग ते बत्तिसाव्या ओव्हरपर्यंतचंच बोलायचे. पुढचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं ती गोष्ट वेगळी. घरात शिरल्यावर मात्र हा विवेक टिकत नसे, कारण तिथे तोंडाचा ताबा त्या टीव्हीकडे असायचा.

आणि एवढं करून बघायचं तरी काय? आम्ही हरायचो. सगळ्याच कसोट्या नाही, पण ज्यांच्यासाठी पहाटे उठावं त्यांतल्या बऱ्याचशा हरायचो. साडेचारचा गजर, तोंडावर पाणी, आणि सहा वाजेपर्यंत चार बाद बत्तीस. मग दिवसभर जांभया. मी ठाण्यात एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे आणि डिसेंबर महिन्यात मुलांच्या अर्जांवर सही करता करता माझा डोळा लागलेला आहे. एकदा जिन्यात मी म्हटलं, "काका, बास झालं आता. या वयात नाही झेपत." ते म्हणाले, "मी पन्नास वर्षं बघतोय. हरायची सवय होते हो, पहाटे उठायची होत नाही." दोन पायऱ्या चढून थांबले. "पण कोणीतरी बघायला हवं ना. पोरं तिकडे एकटी उभी असतात."

त्या वर्षीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातली दुसरी कसोटी. आपला एक नवखा मुलगा, बावीस वर्षांचा असेल, शहाण्णववर खेळत होता. सकाळचे साडेसहा-पावणेसात झाले असतील. मी फोन कपाला टेकवून बसलो होतो आणि किती दिवसांनी माझी झोप पूर्ण उडाली होती. फोनवर तो मुलगा यष्टीपासून दोन पावलं बाजूला गेला, आकाशाकडे बघितलं, परत आला. आणि खालून आवाज आला, "गेला!" पुढचे चाळीस सेकंद मी त्या मुलाकडे बघत राहिलो. तो हसून समोरच्या फलंदाजाशी काहीतरी बोलला. हेल्मेट नीट केलं. इतका राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला असेल. पहाटे उठून, अर्धा चहा थंड करून मी ज्याची वाट बघत होतो ते या माणसाने माझ्याआधी संपवून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा होती. गळती, पार्किंग, टाकी धुणं हे सगळं झाल्यावर मी उभा राहिलो. माझी मुलगी सई बारावीला होती. मी म्हटलं, पहाटेचा वेळ अभ्यासाचा असतो, आवाजाने मुलांचं चित्त विचलित होतं. कोणाचं नाव घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. सईला त्या आवाजाचा काडीचाही त्रास होत नव्हता. आदल्या रात्री जेवताना मी विषय काढला तेव्हा ती म्हणालीही होती, "मला कुठे त्रास होतो? उलट काका ओरडले की झोप उडते माझी." मी तिला म्हटलं, तू गप्प बस, तुला कळत नाही. मला माझी विकेट माझ्या वेळेला बघायची होती, एवढंच त्यातलं खरं होतं. पण हे सभेत कसं सांगणार? त्यापेक्षा बारावी बरी. बारावी म्हटलं की आपल्याकडे देवसुद्धा आवाज कमी करतो.

काका मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. ते उठले. "बरोबर आहे यांचं," ते म्हणाले. "मुलीचं वर्ष आहे. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. लिहा, मी पहिली सही करतो." सावंतांनी कागद माझ्यापुढे सरकवला, कारण सोसायटीच्या सगळ्या नोटिसा मीच लिहितो, माझं मराठी बरं आहे म्हणतात. 'परीक्षांचे दिवस लक्षात घेता सकाळी आठ वाजण्यापूर्वी कोणत्याही सभासदाने घरात मोठ्याने ओरडू नये, जेणेकरून विद्यार्थ्यांच्या अभ्यासात व्यत्यय येणार नाही.' काकांनी सही केली, खाली तारीख घातली आणि जाताना सईच्या अभ्यासाची चौकशी केली.

तिसरी कसोटी ब्रिस्बेनला झाली. खालून आवाज नाही. आठच्या ठोक्याला सुरू व्हायचा तो, तोवर चिडीचूप. मला हवं होतं ते मिळालं होतं. चेंडू यायचा, यष्टी उडायची, मला कळायचं आणि मग काहीच व्हायचं नाही. बायको आणि सई आपापल्या कामात. मी एकटा फोनसमोर बसून सात बाद शंभर बघत होतो. दूध घ्यायला भेटले तेव्हा काका कुजबुजत्या आवाजात बोलले, जणू खालच्या फाटकापाशीही कोणी अभ्यासाला बसलं असावं. मी म्हणायला हवं होतं, की काका, राहू द्या ती नोटीस. नाही म्हटलं. आपणच लिहिलेली नोटीस आपणच फाडायची म्हणजे कारण सांगावं लागतं.

चौथी कसोटी मेलबर्नला, आपल्या पहाटे पाचला सुरू. पहिलं सत्र नेहमीसारखंच रडत-रखडत गेलं. जेवणानंतरचा खेळ सुरू झाला, आठ वाजले आणि खालून आवाज आला, "अरे... अरे..." मी फोनकडे बघितलं. चाळीस सेकंद थांबलो. आता झेल सुटणार किंवा कोणी धावबाद होता होता वाचणार. फलंदाजाने चेंडू शांतपणे सोडून दिला. पुढचाही सोडून दिला. मला वाटलं, आज नेट फारच मागे आहे. पुन्हा "अरे" ऐकू आलं. पुन्हा मी वाट बघितली. अख्खी ओव्हर निर्धाव गेली. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मी चक्क पुटपुटलो, की काकांचं आता वय झालं, काहीही नसताना ओरडतात.

सई आतल्या खोलीतून पुस्तक हातात घेऊन बाहेर आली. "बाबा, काका आज वेगळंच ओरडतायत."

"झेल सुटला असेल कोणाचा तरी. येईल आता."

"नाही बाबा. झेलाचं असं नसतं. तुम्ही खाली जा ना."

त्यांच्या घराची एक किल्ली काकूंच्या वेळेपासून आमच्याकडे असायची. मी दार उघडलं तेव्हा सव्वाआठ होऊन गेले होते. टीव्ही चालू होता. काका टीव्हीकडे पाठ करून फरशीवर आडवे पडले होते, स्टूल एका बाजूला कलंडलेलं, आणि भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. काचेला तडा गेला होता. ब्रिस्बेनची वेळ तशीच राहिली होती, मेलबर्न एक तास पुढे, ती लावून घड्याळ परत टांगताना स्टूल हललं. हे त्यांनीच सांगितलं, अगदी व्यवस्थित, फक्त आवाज बारीक झाला होता. फोन टीव्हीजवळ चार्जिंगला होता. पाय हलवता येत नव्हता. खुब्याचं हाड मोडलं होतं.

अ‍ॅम्ब्युलन्स आली, स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना, सावंत आणि मी आणि चौथ्या मजल्यावरचे दोघं अशा चौघांनी ते उभं-आडवं करत खाली नेलं. काका मध्येच मला म्हणाले, "किती झाले?" मी फोन काढून स्कोअर सांगितला. "तुमचा जुना असेल," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्या दिवशी ग्रुपवर सावंतांनी लिहिलं, की आमच्या सोसायटीत शेजारधर्म अजून जिवंत आहे, आवाज ऐकून पंधरा मिनिटांत मदत पोचली. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मीही एक टाकलं.

ऑपरेशन झालं. मेधाने त्यांना ठाण्यात, कोलशेतला आपल्याकडे नेलं, ते काही परत आले नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या घराला कुलूप लागलं. मी जाईन जाईन म्हणत होतो. कॉलेजात प्रवेशांची गर्दी, मग कंटाळा, मग अमुक, मग तमुक. जायला जुलै उजाडला. इंग्लंडमध्ये कसोटी चालू होती आणि ती आपल्याकडे दुपारी असते, म्हणून शनिवारची दुपार बघून गेलो.

एकोणिसावा मजला. खिडकीतून खाडी दिसते, पण खिडकी उघडत नाही, एसीसाठी बंदच ठेवतात. भिंतीवर मोठा टीव्ही होता, इंटरनेटवरचा. काका आरामखुर्चीत, वॉकर शेजारी. निम्मे झाले होते. "या हेडक्लार्क," ते म्हणाले. "आता मीही तुमच्याबरोबरच. शिळं बघतो." भिंतीवर घड्याळ कुठे दिसेना. मी विचारलं. "इथे भिंतीला खिळा मारायचा नाही म्हणतात," ते म्हणाले. मेधा चहा ठेवायला आत गेली.

मग काही तरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काका, नशीब, तुम्ही पडलात तेव्हा आम्ही सगळे जागे होतो. लगेच आलो."

काका हसले. "लगेच कुठले? मी साडेपाचला पडलो."

मला समजेना. "साडेपाचला? आम्ही सव्वाआठला आलो."

"तेच सांगतोय. पहिलं जवळजवळ अख्खं सेशन जमिनीवरून ऐकलं. टीव्हीकडे पाठ होती ना! दोन गेले आपले. दुसरा तर काय फालतू फटका मारून गेला हो! शब्द अगदी ओठांवर आला होता, गिळला."

"अहो काका, पण हाक मारायची! मी वरच होतो. जागा होतो."

"माहीत होतं की. तुमची खुर्ची सरकल्याचा आवाज येत होता." ते सहज सांगत होते, कारखान्यातली एखादी जुनी गंमत सांगावी तसं. "पण आठच्या आत ओरडायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं. मी पहिली सही केलेली. घड्याळ हातातच होतं. मेलबर्नचा दीड म्हणजे आपले आठ. दीड वाजायची वाट बघत पडून होतो."

"दुखत नव्हतं?"

"दुखत होतं. पण अडीच तास काय हो. लोक दोन-दोन दिवस उभे राहतात."

"माझं चुकलं काका," एवढंच कसंबसं म्हणालो.

"तुमचं काय चुकलं? मुलीचं वर्ष होतं." मग एकदम आठवल्यासारखं करून ते पुढे झुकले. "अरे हो, विचारायचंच राहिलं. सईचं काय झालं बारावीचं?"

"ब्याऐंशी टक्के मिळाले."

काकांचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. "बघा!" ते म्हणाले. "मग माझं पडून राहणं कामी आलं म्हणायचं." आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं, की काका, सईला तुमचा कधीच त्रास नव्हता, ती तर तुमच्या आवाजाने जागी व्हायची. वाक्य तयारही होतं तोंडात. पण ते ऐकल्यावर त्या अडीच तासांचं त्यांनी काय करायचं होतं? आता निदान एका मुलीचं भलं झालं असं ते मानत होते. मी ते काढून घेऊ शकलो नाही. निदान स्वतःला मी तेव्हा असंच सांगितलं. खरं तर मला माझीच लाज वाटत होती आणि ती मला त्यांच्यासमोर उघडी करायची नव्हती. मेधा चहा घेऊन आली. आम्ही तिघांनी चहा घेतला, मॅच बघितली, आणि निघताना काका म्हणाले, "सईला म्हणावं, काकांनी शाबासकी दिलीये."

ऑगस्टमध्ये काका वारले. ती शाबासकी मी घरी जाऊन सईला सांगितली होती. तिने विचारलं होतं, "मला कशाबद्दल?" मी म्हटलं, मार्कांबद्दल.